तीन मुलींचा हिस्सा

माझी भाची दहावीत आहे. बीजगणितातले शाब्दिक उदाहरण आले की ती वैतागते. "मामू, ही गणितं कुणाला लागतात?" तिने परवा विचारले. मी तिला बाराशे वर्षांपूर्वीचे एक उदाहरण घातले.

एक बाई वारली. मागे नवरा, एक मुलगा आणि तीन मुली. मालमत्तेचा एक अष्टमांश आणि एक सप्तमांश मिळून एका परक्या माणसाला द्यावा, अशी तिची वसीयत. प्रत्येकाला किती मिळेल?

हे उदाहरण मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांचे. खलिफा मामून यांच्या कारकिर्दीत (८१३ ते ८३३) बगदादमध्ये त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातल्या 'अल-जब्र' या शब्दावरूनच 'अल्जिब्रा' आला. जब्र म्हणजे मोडलेले सांधणे, उणे असलेले भरून काढणे. त्या ग्रंथात आपला 'क्ष' नाही. अज्ञात राशीला ते 'शै' म्हणजे 'वस्तू' म्हणतात आणि सगळी रीत शब्दांत सांगतात. ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि वसीयतीच्या उदाहरणांनीच भरला आहे.

भाचीने वही ओढली. वसीयतीचे १५/५६. हे एक तृतीयांशाच्या आत, म्हणून चालते. उरले ४१/५६. त्यातला चौथा हिस्सा नवऱ्याचा. बाकीचे मुलाला दोन वाटे, प्रत्येक मुलीला एक. म्हणजे उरलेल्याचे २० भाग: नवरा ५, मुलगा ६, मुली ३-३. एकूण मालमत्तेचे ५६ × २० = ११२० भाग धरले, तर परक्याला ३००, नवऱ्याला २०५, मुलाला २४६ आणि प्रत्येक मुलीला १२३. तिने बेरीज केली. बरोबर ११२०.

मग ती म्हणाली, "पण आपल्या फुफीला तर काहीच मिळालं नाही ना?"

मी गप्प झालो. आजोबांच्या जमिनीच्या वेळी फुफीने हक्कसोडपत्रावर सही केली होती. 'भावांशी वाकडं कशाला,' एवढेच ती बोलली. कागद लिहून आणणाऱ्यांत मीही होतो. शरियतने ठरवलेला हिस्सा आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता.

ख्वारिज्मींनी अपूर्णांकात अपूर्णांक घालून मुलींचे १२३ भाग काढले, कारण ते कुणाला तरी खरोखर द्यायचे होते. आम्ही मात्र गणित करायचेच टाळले.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. ही गणिते फुफीला लागतात. या रविवारी वही घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे.