खाणींच्या प्रांतातील 'आय.एन.आर.आय.'

डेथ मेटल या संगीतप्रकारात घशातून ओरबाडून काढलेला घोगरा आवाज, खालच्या सुरात लावलेल्या गिटारी आणि मृत्यूविषयीची गाणी असतात. ब्लॅक मेटलमध्ये किंकाळीसारखा आवाज, ख्रिस्ती श्रद्धेवर उघड हल्ला आणि बहुधा मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले ध्वनिमुद्रण असते. या दोहोंच्या मिश्रणाला पुढे 'ब्लॅकन्ड डेथ मेटल' हे नाव पडले. या मिश्रणाचा इतिहास सांगताना नॉर्वे आणि स्वीडन यांनाच अग्रमान दिला जातो, परंतु ब्राझीलमधील बेलो होरिझोंते या शहरातील सार्कोफागो या बँडचा 'आय.एन.आर.आय.' हा अल्बम १९८७ साली निघाला तेव्हा हे दोन प्रवाह एकमेकांपासून पुरते वेगळेही झाले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे तो अग्रमान तपासून पाहावा लागतो.

बेलो होरिझोंते ही मिनास जेराइस प्रांताची राजधानी असून प्रांताच्या नावातच खाणी आहेत. अठराव्या शतकात येथील सोन्यावर पोर्तुगीज सत्ता पोसली गेली आणि त्याच संपत्तीतून ऊरू प्रेतूसारख्या गावांत बरोक शैलीची चर्च उभी राहिली. जुन्या गोव्यातील सोनेरी वेदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या शैलीची कल्पना सहज येईल. ऊरू प्रेतूमध्ये पवित्र सप्ताहात मिरवणुकीच्या वाटेवर रंगीत भुशाचे गालिचे घातले जातात आणि क्रूसावरच्या यातना जणू रस्त्यावरच मांडल्या जातात. अशा प्रांतातील तरुणांनी येशूच्या क्रूसावरील पाटीची लॅटिन आद्याक्षरे आपल्या अल्बमला शीर्षक म्हणून द्यावीत, यातला विद्रोह उसना नव्हता; ज्या प्रतिमांत ते वाढले त्याच त्यांनी उलट्या केल्या.

काळही अनुकूल होता. १९६४ पासूनची लष्करी राजवट १९८५ मध्ये संपली. त्याच वर्षी जानेवारीत 'रॉक इन रिओ' महोत्सवात आयर्न मेडनसारखे बँड वाजवत असतानाच मिनास जेराइसचे तान्क्रेदू नेव्हिस राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, आणि पद स्वीकारण्यापूर्वीच एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. बेलो होरिझोंतेत १९८० मध्ये सुरू झालेल्या कोगुमेलो या तबकड्यांच्या दुकानाने याच सुमारास स्वतःची निर्मिती हाती घेतली आणि सेपुल्तुरा, मुतिलाटर, होलोकाउस्तो, सार्कोफागो अशा स्थानिक बँडना तबकडी काढण्याची संधी दिली. सार्कोफागोचा गायक वाग्नेर लामुनिये हा सेपुल्तुरातूनच बाहेर पडलेला होता.

अल्बमच्या मुखपृष्ठावर थडग्यांच्या पार्श्वभूमीवर बँडचे सदस्य उभे आहेत: रंगवलेले चेहरे, काळे चामडे, कमरेला काडतुसांचे पट्टे आणि मनगटांवर लांब खिळ्यांचे पट्टे. नंतरच्या ब्लॅक मेटलचा जवळजवळ सारा वेश येथे तयार दिसतो. डी. डी. क्रेझी हे टोपणनाव घेतलेल्या वादकाचे ढोलवादन त्याहून महत्त्वाचे आहे, कारण स्नेअर आणि पायाचा ढोल आलटून-पालटून अतिवेगाने वाजवण्याची 'ब्लास्ट बीट' ही पद्धत त्याने येथे सढळपणे वापरली. बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथचा 'स्कम' हा त्याच पद्धतीसाठी गाजलेला अल्बमही १९८७ चाच आहे. ध्वनिमुद्रणात गिटारी गढूळ ऐकू येतात खऱ्या, पण ती कसर ढोलाच्या रेट्याने भरून निघते.

गाणी इंग्रजीत होती, आणि त्यामुळे टपालाने कॅसेटींची देवाणघेवाण करणाऱ्या परदेशी श्रोत्यांपर्यंत ती पोहोचणे सोपे झाले. पुढे 'द लॉज ऑफ स्कर्ज' (१९९१) या अल्बममध्ये हाच बँड अधिक सफाईदार डेथ मेटलकडे वळला, आणि लामुनिये कालांतराने अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. नॉर्वेच्या सॅटिरिकॉन या बँडने मात्र १९९९ साली 'आय.एन.आर.आय.' हे शीर्षकगीत स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केले.