खानदेशांतील ‘पेटंट’ औषधें

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत विलायती गोळ्या व शक्तिवर्धक अर्क खानदेशांत कसे शिरले, हें पाहतांना वैद्यकाआधीं वाहतुकीचा विचार करावा लागतो. १८६० नंतरच्या दशकांत आगगाडी जळगांव-भुसावळास पोंचली, आणि १८७७ सालीं टपालखात्यानें व्ही. पी. ची सोय काढली. धुळ्यास मात्र चाळीसगांवाहून रूळ १९०० सालीं आले. तोंवर शेवटचा टप्पा बैलगाडीचाच. गिऱ्हाइकाची वाण नव्हती. सातपुड्याच्या पायथ्यास हिवताप ठाण मांडून होता, व तापांतून उठलेला अशक्त मनुष्य शक्तीच्या नांवावर कांहींही घेतो.

‘पेटंट’ हें नांवच फसवें. खरें पेटंट घेणारास आपली कृति सरकारदरबारीं उघड करावी लागते. या मंडळींनीं ती बहुधा लपविली. इंग्लंडांत अशा डब्यांवर कराचा शिक्का असे, व भोळे लोक त्यासच सरकारची पसंती समजत. बीचमच्या सुप्रसिद्ध गोळ्यांचें पृथक्करण ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें १९०९ सालीं छापलें, तेव्हां त्यांत काळाबोळ, सुंठ व साबण एवढेंच निघालें. छप्पन्न गोळ्यांच्या द्रव्यांस खर्च अर्धा फार्दिंग, किंमत एक शिलिंग दीड पेनी. म्हणजे बरोबर १०८ पट! जपमाळेचे मणी तितकेच. कुमारी व शुंठी यांचे गुण आमच्या निघंटूंत कोणासही वाचावयास मोकळे आहेत.

क्लोरोडाइनची गोष्ट याहून गंभीर. हिंदुस्थानांतील लष्करी डॉक्टर कॉलिस ब्राउन यानें १८४८ च्या सुमारास तें पटकीवर योजिलें. त्यांत अफूचा अर्क, गांजा व क्लोरोफॉर्म असे. जुलाब थांबत, वेदना शमत, हें नाकारतां येत नाहीं. पण संवय जडे, आणि बाटली संपली कीं दुसरी लागे.

तथापि परदेशी तेवढे लबाड म्हणणें न्यायाचें नव्हे. पनवेलीस १८७२ सालीं पुराणिक वैद्यांनीं धूतपापेश्वर कारखाना काढून शास्त्रोक्त औषधें तयार करण्याचा मार्ग घातला. पण पुढें गुप्त योगांच्या बाटल्या विकणारे देशी लोकही थोडे झाले नाहींत. च्यवनप्राशास पांचशें आंवळे घ्यावे, हें चरकसंहितेंत स्पष्ट लिहिलें आहे. तो पाठ ज्यांस उपलब्ध होता त्यांनींच आपली कृति झांकावी, याचें मला अधिक वाईट वाटतें. चोप्रा समितीची चौकशी १९३०-३१ सालीं झाली, औषधकायदा १९४० सालीं आला, आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवरील बंदी १९५४ सालीं.