सोलर पंपाची वायर जोडणारी पिन कशी निवडावी? शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यांसाठी सविस्तर माहिती

शिरूर / दौंड : घोड आणि भीमेच्या पट्ट्यात आता विहिरीवर, बोअरवर सोलर पॅनेल दिसणं नवीन राहिलेलं नाही. रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी द्यायला जायचं म्हणजे बिबट्याची भीती, त्यामुळे दिवसा चालणारा पंप सगळ्यांनाच हवा आहे. राज्य सरकारच्या २०२४ पासूनच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून ३, ५ किंवा साडेसात एचपीचा पंप मिळतो. पंप कुठल्या कंपनीचा, पॅनेल किती वॅटचं, ही चौकशी सगळे करतात. पण पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या पिनेबद्दल कुणी विचारत नाही. आणि बिघाड बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो.

माझ्याच रानातलं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात पंप भर दुपारी मध्येच बंद पडायचा, थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायचा. आठ दिवस मी पॅनेलवरची धूळ पुसत बसलो. शेवटी पॅनेलखाली वाकून बघितलं, तर एक पिन तपकिरी होऊन वितळलेली आणि तिच्या खाली उसाचं वाळलेलं पाचट! उंदरांनी वायर कुरतडली म्हणून आधी ती बदलली होती. तेव्हा वायरमनने पिशवीत होती ती पिन लावून दिली, आणि मीही बघितलं नाही. आग लागली नाही, हे नशीब.

एमसी फोर पिन म्हणजे काय?

पॅनेलच्या मागून दोन काळ्या वायरी निघतात. त्यांच्या टोकाला 'टक्' आवाज करून एकमेकांत बसणारी जी पिन असते, तिला एमसी फोर म्हणतात. 'एमसी' हे मल्टी-कॉन्टॅक्ट या स्वित्झर्लंडच्या कंपनीच्या नावावरून आलं आणि 'फोर' म्हणजे आतल्या धातूच्या पिनेची जाडी, ४ मिलिमीटर. ही कंपनी आता स्टॉबली नावाने ओळखली जाते. आज अनेक कंपन्या तशाच दिसणाऱ्या पिना बनवतात आणि बाजारात सगळ्यांनाच एमसी फोर म्हणतात. गोंधळ इथेच होतो.

घरच्या लाईटपेक्षा सोलरचा करंट वेगळा

घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्यामुळे ठिणगी पडली तरी ती विझायला संधी मिळते. पॅनेलचा डीसी करंट शून्यावर येतच नाही. एकदा ठिणगी धरली की ती वेल्डिंगसारखी जळत राहते. ५४० वॅटच्या एका पॅनेलचा व्होल्टेज उघड्या टोकांवर साधारण ४९ असतो. अशी ९ पॅनेल एका ओळीत जोडली की ४४० व्होल्ट होतात. हा जीवघेणा व्होल्टेज आहे.

दुसरी गोष्ट, ढिल्या जोडाला उष्णता किती होते ते बघा. ओळीतून १२ अँपिअर करंट जातोय आणि जोडात फक्त ०.२ ओहमचा अडथळा आला, तर तिथे जवळपास २९ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची कांडी २५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या पाचटावर एक तापलेली कांडी दिवसभर ठेवल्यासारखं झालं. व्होल्टेज मात्र जेमतेम अडीचने कमी होतो, त्यामुळे सुरुवातीला पाण्यात काहीच फरक दिसत नाही. फ्यूजही उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

पहिला नियम : जोडीतल्या दोन्ही पिना एकाच कंपनीच्या

दोन वेगळ्या कंपन्यांच्या पिना एकमेकांत बसतात, पाऊसही झेलतात. पण आतल्या धातूचं माप आणि मुलामा थोडा वेगळा असतो. उन्हाने तापून, रात्री गार होऊन काही महिन्यांत पकड ढिली पडते. म्हणून एकमेकांत बसणाऱ्या दोन्ही पिना एकाच कंपनीच्या आणि एकाच मॉडेलच्या असाव्यात, असाच आंतरराष्ट्रीय नियम आहे. पाकिटावर 'एमसी फोर कंपॅटिबल' लिहिलं म्हणजे ती कुठल्याही पिनेला चालते असं नाही.

पॅनेलला कारखान्यातूनच पिन लावून येते. तिच्यावर कंपनीचं नाव आणि मॉडेल कोरलेलं असतं. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढा आणि तीच पिन मागवा. पॅनेलची मूळ पिन कापून दुसरी लावू नका, पॅनेलची वॉरंटी जाऊ शकते.

विकत घेताना काय बघायचं?

१) पिनेवर कंपनीचं नाव, व्होल्टेज (१००० किंवा १५०० डीसी) आणि अँपिअर छापलेले हवेत. काहीच छापलेलं नसेल तर घेऊ नका.

२) आयईसी ६२८५२ हे सोलर पिनेचं मानक आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात ते नमूद असावं.

३) आयपी ६७ किंवा ६८ लिहिलेलं असावं. म्हणजे जोडलेल्या पिनेत पाणी शिरत नाही. जोडलेली नसेल तेव्हा मात्र शिरतं, म्हणून उघड्या टोकाला टोपण लावा.

४) पिन वायरच्या मापाची हवी. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरला ४ ची, ६ च्या वायरला ६ ची. पिनेच्या मागच्या नटातलं रबर वायरच्या बाहेरच्या जाडीला घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर तिथून पाणी जातं. वरून चिकटपट्टी गुंडाळून उपयोग नाही.

५) वायर सोलरचीच घ्या. ती बारीक तारांची, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असते आणि उन्हाने तडकत नाही. तिच्यावर आयएस १७२९३ किंवा ईएन ५०६१८ छापलेलं असतं. घरातली वायर किंवा ॲल्युमिनियमची वायर इथे चालत नाही.

नदीकाठी केबल चोरीला गेली की पाणी तुटू नये म्हणून घाईत मिळेल ती वायर आणि पिन जोडली जाते. जास्त चूक तेव्हाच होते. कंपनीच्या पिनेच्या दोन जोड्या घरात आधीच आणून ठेवा.

बसवताना

पिन साध्या पकडीने दाबून, हातोडीने ठोकून बसवायची नाही. त्यासाठी क्रिंपिंगची वेगळी पकड येते. वायरमनकडे ती आहे का, हे काम सुरू करण्याआधीच विचारा. बारीक तारा तुटू न देता सोलायच्या, सगळ्या तारा आत गेल्या पाहिजेत. दाबून झाल्यावर ओढून बघायचं, मग घरात 'टक्' होईपर्यंत बसवून नट आवळायचा. जोड जमिनीवर, गवतात, पाणी साचतं तिथे ठेवू नका. पॅनेलच्या लोखंडी सांगाड्याला उन्हात टिकणाऱ्या टायने बांधा. वायरला ताण नको.

चालू असताना पिन कधीही ओढू नका

पंप चालू असताना पिन ओढली तर हातातच जाळ होतो. आधी कंट्रोलरवरून पंप बंद करा, मग डीसी स्विच पाडा, नंतरच पिन सोडवायची. आणि ध्यानात ठेवा, स्विच पाडला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या टोकांवर व्होल्टेज असतोच.

महिन्यातून एकदा एवढं बघा

सकाळी उजाडल्यावर लगेच, पंप बंद ठेवून आणि हात न लावता बघायचं. पिन तपकिरी झाली, फुगली, तिच्यावर हिरवट चढलं, जळका वास आला किंवा वायर कुरतडलेली दिसली, तर पंप चालू करू नका. पॅनेलखालचं गवत आणि पाचट काढून टाका. पॅनेल धुताना जोडावर पाण्याचा झोत मारू नका. जाळ दिसला तर शक्य असेल तरच स्विच पाडा आणि लांब व्हा. पाणी ओतू नका.

योजनेतल्या पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. त्या काळात स्वतः खटपट न करता पुरवठादार कंपनीकडे तक्रार नोंदवा, फोटो आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. दखल घेतली नाही तर महावितरणच्या कार्यालयात लेखी द्या. दुरुस्तीला माणूस आला की नवीन पिन जुन्याच कंपनीची आहे ना, हे स्वतः वाचून बघा. वाचायला एक मिनिट लागतं. मी ते वाचलं नव्हतं.