चित्रग्रंथ आणि कलेचें रक्षण

कोल्हापूरचा नवा राजवाडा आपण सारे कौतुकानें पाहतों. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याप्रमाणें १८७७ सालीं त्याचें काम सुरू झालें. मँट १८८१ सालीं निवर्तले. तथापि १८८४ सालीं वास्तु पूर्ण झाली. कागदावर उतरलेली कल्पना कर्त्याच्या मागेंही राहते, हें यांतील मर्म होय.

अजिंठ्याच्या लेण्यांची कथा हेंच अधिक करुण रीतीनें सांगते. मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून वर्षानुवर्षें तेथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेंच काम पुनः हातीं घेतलें. १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगींत त्यांच्याही कित्येक नकला नष्ट झाल्या. परंतु १८९६-९७ सालीं त्यांचा दोन खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. चित्र एकच असतें, तें जळालें कीं गेलें. छापील ग्रंथाची एक प्रत गेली तरी दुसरी उरते.

म्हणून आमची विनंती अशी कीं, या महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या मंदिरांतील वेदी, मूर्ती, कमानी व जुनीं उपासनावस्त्रें यांचीं मोजमापें व चित्रें करून घ्यावीं, आणि त्यांच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणीं ठेवाव्या. वाळवी व ओल कोणाची वाट पाहत नाहींत. पूर्वजांनीं पै पै वेचून जें उभारलें, त्याची साक्ष आपण पुढील पिढीच्या हातीं देऊं या.