तळाशी घासत जाणारा धोंडा

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव धरणात फासजाळं सोडायचं काम दोघांचं. एकजण वल्ही सांभाळतो, दुसरा पायाशी रचलेलं जाळं उचलून हातभर हातभर पाण्यात सोडत जातो. पाणी उभं असतं आणि पाण्यात गेलेलं जाळंही जागच्या जागी लोंबत राहतं. हलते ती एकटी होडी, आणि तिला हलवतो वारा. वारा मंद असला तर त्याच्यासारखा मदतनीस नाही. होडी आपसूक सरकते, जाळं सुटत जातं. पण पश्चिमेकडून त्यानं जोर धरला की होडी हाताच्या पुढे पळू लागते. जाळं ताणलं जातं, वरची दोरी काठीसारखी सरळ होते, बोयांची रांग पाण्याखाली खेचली जाते. ताणलेल्या जाळ्यात मासा नीट अडकत नाही. फासजाळं सैल लोंबलं पाहिजे, माशाचं डोकं आसातून आत शिरून दोरा कल्ल्यामागे बसला पाहिजे. अशा वेळी होडीच्या वाऱ्याकडच्या टोकाला दोर बांधून एक वजन पाण्यात सोडायचं. ते होडीला थांबवत नाही. तळाचा गाळ ओरबाडत मागून ओढलं जातं, आणि होडीची धाव आवरते.

नांगराचं काम वेगळं. नांगर तळाला धरून बसतो. तो सुटला, घसरला, तर त्याचं काम फसलं. ओढत्या वजनानं मात्र घसरलंच पाहिजे, फक्त सावकाश. रोखणं आणि आवरणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. नौकांच्या इतिहासात पहिलीबद्दल भरभरून लिहिलं गेलं, दुसरी नांगराच्या सावलीत राहिली. माझ्या मते हा अन्याय आहे, कारण दुसरीचा लेखी पुरावाही चांगला जुना आहे.

तो आहे हिरोडोटसकडे. इसवी सन पूर्व पाचव्या शतकातला हा ग्रीक लेखक आपल्या इतिहासाच्या दुसऱ्या भागात नाईलवरच्या मालवाहू नावांचं वर्णन करतो. प्रवाहाबरोबर खाली जाताना नावाडी झाऊच्या लाकडाचा आणि बोरूच्या चटईचा एक तराफा नावेच्या पुढे दोराला बांधून सोडत. मागे, दुसऱ्या दोराला, भोक पाडलेला दगड असे. त्याचं वजन तो दोन टॅलेंट सांगतो, म्हणजे आपल्या हिशेबानं पन्नास किलोच्या वर. तराफ्याला प्रवाह धरायचा आणि नावेला पुढे ओढायचा. दगड तळाशी घासत मागे यायचा आणि नावेचं तोंड सरळ ठेवायचा.

यातलं मर्म नदीवर नाव हाकलेल्या माणसाला लगेच कळेल. पाण्याच्याच वेगानं वाहणाऱ्या नावेचं सुकाणू मेलेलं असतं, कारण त्याच्या पात्यावरून पाणीच सरकत नाही. नाव पाण्यापेक्षा जरा मंद झाली की पाणी तिला ओलांडून पुढे जायला लागतं आणि सुकाणूत जीव येतो. थेम्सवरचे मालाच्या पडावांचे नावाडीही ओहोटीबरोबर खाली येताना नांगर जेमतेम तळाला टेकवून, तो फरफटत नेत, अरुंद जागांतून आणि पुलांखालून पडाव काढत. नाईलच्या नावाड्याचे ते भाऊबंदच.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दगडी नांगरांची कमी नाही. द्वारकेच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी, आधी एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली आणि पुढेही, असे कितीतरी नांगर शोधले. त्यातल्या काही त्रिकोणी दगडांना तीन भोकं आहेत. वरच्या भोकात दोर आणि खालच्या दोन भोकांत लाकडी खुंट्या. खुंट्या वाळूत रुतायच्या, म्हणून तो दगड धरून ठेवायचा. एकाच भोकाच्या दगडाला असे दात नसतात. त्याच्यापाशी फक्त स्वतःचं वजन. जोर वाढला की तो घसरणारच. माझा तर्क असा की नांगराची वाट त्या खुंट्यांपासून फुटली आणि एकभोकी दगडाकडे ओढत जाण्याचं काम राहिलं. याला पुरावा देणं अवघड, कारण भोकाचा दगड हाती लागला की तो नांगर होता, जाळ्याचं वजन होतं की आणखी काही, हे एकट्या दगडावरून सांगता येत नाही. घडवायला सोपी वस्तू सगळ्या काळांत सारखीच दिसते.

आता बीडकडे. इथे समुद्र नाही, आणि धरणं होण्याआधी मोठं उभं पाणीही नव्हतं. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी जाते, दक्षिणेच्या अंगानं मांजरा, आणि पाटोद्याकडच्या डोंगरात उगवलेली सिंदफणा जिल्हा चिरत मंजरथला गोदावरीत मिसळते. पावसाळ्यात या नद्या दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात. त्यांचं सामर्थ्य किती होतं हे गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवननं पाहिलं आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी इथे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या फौजेनं निजामाचा पराभव केला, तो निजामाचं सैन्य भरल्या गोदावरीच्या दोन तीरांवर दुभागलेलं असताना. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याच तीरावर मारला गेला. पलीकडची फौज पलीकडेच राहिली.

अशा नदीवर भोयांचं काम मुख्यतः उतार सांभाळायचं: माणसं पार करणं, आणि पूर ओसरला की डोहात जाळं लावणं. त्यासाठी वाळवलेल्या भोपळ्यांची सांगड पुरे. तिच्यावर छाती टेकून माणूस पाय मारत जातो. वारा धरेल असं उंच अंगच तिला नसतं. त्या मासेमारीत अडचण ओढीची होती, वाऱ्याची नव्हती. ओढीसाठी दगड होताच. जाळ्याचं टोक प्रवाहात टिकावं म्हणून तो बांधला जाई.

मग धरणं आली. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी ते धरण राष्ट्राला अर्पण केलं. त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचं धरण बांधलं गेलं, ते १९८७ साली पुरं झालं. केज तालुक्यात धनेगावला मांजरा अडली. ज्या जिल्ह्यात पाणी वाहून जायचं, तिथे ते मैलोन्‌मैल उभं राहिलं. त्यात रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं गेलं आणि मासेमारी डोहातून मोकळ्या पाण्यावर आली. बीडमधला ओढता धोंडा मी इथून मोजतो. नदीची ओढ गेली आणि तिच्या जागी वारा आला. नाईलवर दगडाला प्रवाहाशी झगडायचं होतं. माजलगावात पाणी निश्चल, आणि झगडा होडीच्या कडांवर आदळणाऱ्या हवेशी. बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या ज्या वाऱ्यासाठी उभ्या राहिल्या तोच हा वारा, आणि धरणाच्या पसरट पाण्यावर त्याला अडवायला झाडही नसतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून सकाळी ज्या वजनावर भागतं ते तिसऱ्या प्रहरी अपुरं पडतं.

आपल्याकडचा दगड काळा पाषाण, तो हवेत चांगला जड. पण पाण्यात गेलेली प्रत्येक वस्तू आपण बाजूला सारलेल्या पाण्याइतकं वजन गमावते. दहा किलोचा काळा दगड पाण्यात साडेसहा किलोच्या आसपास भरतो. दहा किलो सिमेंट-काँक्रीटचा गोळा सहाच्याही खाली येतो. दहा किलो लोखंड मात्र पावणेनऊच्या आसपास राहतं. म्हणून घरी वजन करायचं तर लोखंड घालणं शहाणपणाचं. रंगाचा रिकामा डबा घ्यायचा, त्यात सळईचं वाकवलेलं कडं उभं धरायचं, भोवती मोडके नट, बेअरिंग, तुटक्या फाळाचे तुकडे रचायचे आणि मग काँक्रीट ओतायचं. डबा गंजून गळला तरी आतला गोळा राहतो. बाहेर कोपरे निघणार नाहीत एवढं बघायचं. गोल वस्तू घसरते, कोपऱ्याची अडकते. याहून सरस जाड साखळी. चार-पाच हात साखळी दुहेरी करून दोराला लावली तर ती तळावर आडवी पडते आणि खाचखळग्यांतून वळत जाते. वाढवणं-कमी करणं कड्यांच्या हिशेबानं जमतं. जुन्या जात्याची तळी फुटकी पडली असेल तर मध्ये भोक तयारच असतं, पण मला ते वजन पसंत नाही. सपाट तळी काळ्या गाळात रुतून बसते आणि उपसताना होडी कलते.

दोराची लांबी वजनाइतकीच महत्त्वाची. दोर तोकडा असला की तो उभा राहतो, होडी लाटेवर उचलली की वजनही उचललं जातं आणि तळावर उड्या मारत येतं. खोलीच्या दुप्पट-तिप्पट दोर सोडला तर ओढ आडवी होते आणि वजन तळाशी चिकटून राहतं. म्हणजे तेच वजन दोर सोडून जड करता येतं आणि आवरून हलकं. पाणी फार खोल असलं की हा इलाजच संपतो. समुद्रावर त्यासाठी कापडाची शंकूसारखी पिशवी पाण्यात सोडतात. तळाऐवजी पाणीच तिला धरतं. जॉन व्हॉस या खलाशानं १९०१ ते १९०४ मध्ये एका झाडातून कोरलेल्या नावेत महासागर ओलांडले, ते बरेचसे अशाच पाणनांगराच्या भरवशावर. आपल्या धरणांत, भिंतीजवळचा भाग सोडला तर, तळ बहुधा हाताशी असतो.

पण हा तळ एके काळी शेतजमीन आणि गावं होता. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडी पडली आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे मराठवाडा विसरलेला नाही. धरण आटलं की बुडीत क्षेत्रातल्या बाभळींचे बुंधे, घरांची जोती, विहिरींचे कठडे उघडे पडतात. पाणी चढलं की तेच तळाशी असतात, आणि घासत जाणारं वजन त्यांना शोधून काढतं. जुन्या माणसांना शेतं आणि विहिरी आठवतात म्हणून ते कुठे वजन सोडायचं नाही हे जाणतात. ही माहिती कागदावर उतरवून ठेवली पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं. बुडालेल्या गावांचे नकाशे सरकारी दप्तरात असतात. होडीवाल्याच्या हातात ते क्वचितच पोचतात.

अडकलेल्या वजनाचा खरा धोका दोरात आहे. वजन कधीही होडीच्या मधल्या कडेला बांधू नये. तिथे ते अडलं तर वारा होडी आडवी धरतो, कड पाण्याखाली जाते आणि होडी भरते. थर्माकोलच्या तराफ्यावर तर हे फार जपायचं, कारण तो पाण्यावर तरंगतो वरच्यावर, वाऱ्यानं पळतो होडीहून अधिक, आणि उलटतो एका झटक्यात. त्याला दोन-अडीच किलोची साखळी पुष्कळ झाली. दोर नेहमी टोकाला, आणि तोही सरकगाठीनं, म्हणजे मोकळं टोक ओढलं की गाठ ओल्या हातांनीही सुटावी. गाठ सुटलीच नाही तर दोर कापायला विळा पायाशी नव्हे, कडेला खोचलेला हवा. वजन पुन्हा करता येतं. त्यासाठी एक रिकामा डबा आणि पाटीभर काँक्रीट लागतं.