घोडीचा माज

हिरोडोटसला इतिहासाचा जनक म्हणतात, पण माणूस पक्का गोष्टीवेल्हाळ. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. इसवी सनापूर्वी ५२२ मध्ये इराणच्या तख्तावर बसलेल्या तोतयाला सात सरदारांनी मिळून मारलं. आता राजा कोणी व्हायचं? एकानं माघार घेतली. उरलेल्या सहांनी ठरवलं की पहाटे घोड्यांवरून गावाबाहेर जायचं, आणि सूर्य उगवल्यावर ज्याचा घोडा पहिला खिंकाळेल तो राजा. त्यातल्या दारियसकडे ओइबारेस नावाचा बेरकी मोतद्दार होता. धन्याच्या घोड्याची लाडकी घोडी त्यानं रात्रीच वेशीबाहेर नेऊन बांधली, घोड्याला तिच्याभोवती फिरवलं आणि शेवटी दोघांची गाठ घालून दिली. पहाटे सरदारांची स्वारी बरोबर त्याच जागी आली, घोडा पुढे झेपावला आणि खिंकाळला. झाला दारियस राजा!

याच गोष्टीचा आणखी एक पाठही हिरोडोटस देतो. त्यात ओइबारेस घोडीच्या अंगाचा वास आपल्या हाताला लावतो, हात सुरवारीत लपवून ठेवतो आणि ऐन वेळी घोड्याच्या नाकाशी नेतो. बेहिस्तूनच्या कड्यावर दारियसनं स्वतः जो लेख कोरून घेतला त्यात अर्थातच यातलं काही नाही. तिथे राज्य अहुरमझ्दानं दिलेलं आहे. तो म्हणणारच! घोडीच्या वासावर सिंहासन मिळालं असं कोणता राजा दगडावर कोरेल?

गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातलं शास्त्र पक्कं आहे. आणि ती वाचल्यापासून मला एक चाळाच लागला. इतिहासात घोड्यांविषयी काहीही वाचताना मी बघतो, यात घोडी कुठे आहे? आणि ती माजावर असताना माणसं तिचं काय करत होती?

याहून जुनी एक नोंद इजिप्तमधली आहे. इसवी सनापूर्वीच्या पंधराव्या शतकात तिसऱ्या थुतमोसच्या सैन्यात आमेनेमहेब नावाचा अधिकारी होता. त्याचं चरित्र थीब्जमध्ये त्याच्याच थडग्याच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. कादेशच्या राजानं एक घोडी सोडली, ती वेगानं इजिप्तच्या सैन्यात घुसली. हा पायी तिच्यामागे धावला, तलवारीनं तिचं पोट फाडलं आणि शेपूट कापून राजाला नजर केलं. घोडी का सोडली ते त्या लेखात नाही, पण अभ्यासक साधारण एकच अर्थ लावतात: रथांना जुंपलेले घोडे तिच्या वासानं बिथरावेत म्हणून. म्हणजे एका राजानं तिला हत्यार केलं, दुसऱ्याच्या सरदारानं शत्रू म्हणून मारलं. तिचा गुन्हा काय, तर ती ऋतूत होती.

ग्रीकांनी मारण्यापेक्षा सोपा उपाय काढला होता. आयाळ कापायची! झेनोफॉननं घोडेस्वारीवर छोटं पुस्तक लिहिलं आहे, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात. त्यात तो सांगतो की अंगावर आयाळ डौलात असेपर्यंत घोडी गाढवाला जवळ करत नाही, म्हणून खेचरं पैदा करणारे आधी तिची आयाळ कापतात. ॲरिस्टॉटलही म्हणतो की आयाळ कापली की घोडीची कामेच्छा मंदावते आणि ती उदास दिसू लागते. उदास दिसते हे त्यानं टिपलं, पण त्याचं त्याला फारसं काही वाटलेलं दिसत नाही. मला मात्र हे वाचून आपल्याकडच्या केशवपनाची आठवण झाली आणि पुस्तक जरा वेळ मिटून ठेवलं.

सगळेच असे नव्हते. अरबस्तानातल्या बदूंनी प्रश्नच उलटा सोडवला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे फिरलेल्या बुर्कहार्टनं लिहून ठेवलंय की तुर्कांना नर घोडा हवा असतो, तर बदूंना घोडी. रात्री शत्रूच्या तळाशी लपून बसायचं तर खिंकाळून घात करणारा घोडा काय कामाचा? घोडी गप्प राहते. त्यामुळे नर मोजकेच ठेवायचे, वाढवायच्या त्या घोड्या. एकेका घोडीत अनेकांचे हिस्से असत, वंश आईच्या नावानं सांगत, आणि घोडी सहसा विकत नसत. एकोणिसाव्या शतकात आखातातून मुंबईला अरबी घोड्यांची गलबतं येत, त्यांत घोड्या अगदी विरळा, त्या याच कारणानं. ऋतू त्यांच्याही घोड्यांना येतच असणार. पण माजावरच्या घोडीमुळे गोंधळ होतो तो बहुतेक भोवतालच्या नरांचा, हे त्यांनी ओळखलं आणि नर कमी ठेवले. किती साधी गोष्ट!

आता आपल्या भाषेकडे बघा. जनावर विणीच्या ऋतूत आलं की आपण म्हणतो माजावर आलं. आणि माणूस उद्धटपणे वागला की म्हणतो, माज आलाय, उतरवला पाहिजे. एकच शब्द. संस्कृतानं त्याच अवस्थेला ऋतू म्हटलं. शेतकऱ्याच्या तोंडी 'गाय माजावर आलीय' यात तुच्छता नसते, उलट आता भरवायला न्यायची म्हणून लगबग असते. पण घोडी दूध देत नाही, ती कामाला हवी असते. कामाच्या वेळी शेपूट उचलून उभी राहिली, दुसऱ्या घोड्याजवळ जाऊन किंचाळली किंवा दुगाण्या झाडल्या, की दुसरा अर्थ पटकन जिभेवर येतो.

खरं म्हणजे हा सारा उजेडाचा खेळ आहे. दिवस मोठे होऊ लागले की घोडीचं चक्र सुरू होतं. साधारण २१ दिवसांचं एक चक्र, त्यातले पाच ते सात दिवस ती माजावर. थंड देशांत हिवाळ्यात सगळं बंद. विषुववृत्ताकडे यावं तशी ही रेघ पुसट होत जाते. गाभण राहिली तर अकरा महिने, म्हणजे शिंगरू पुन्हा वसंतातच, कोवळ्या गवताच्या दिवसांत. निसर्गाचा हिशोब चोख आहे.

तो बिघडवला शर्यतीवाल्यांनी. इंग्लंडात पूर्वी शर्यतीच्या घोड्यांचं वय १ मे पासून मोजत. १८३० च्या दशकात न्यूमार्केटला ते १ जानेवारीपासून मोजायला लागले, पुढे इतरांनीही तेच उचललं. आता मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू कागदोपत्री जानेवारीतल्या शिंगराच्या वयाचं! मग शिंगरू लवकर हवं, म्हणून घोडीही लवकर माजावर यायला हवी. कॅलेंडर हलवणं कुणाच्या मनात आलं नाही, घोडी हलवली. कृत्रिम उजेडानं घोडीचं चक्र लवकर सुरू होतं हे दाखवणारा प्रयोग १९४७ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाला. तेव्हापासून डिसेंबरपासूनच तबेल्यात दिवा लावून सोळा तासांचा 'दिवस' करायची रीत पडली. या शतकात आयर्लंडमध्ये त्याहून सुटसुटीत युक्ती निघाली: घोडीच्या तोंडावर मुखवटा आणि एकाच डोळ्यावर निळा प्रकाश.

आणि जिला पिल्लू द्यायचं नाही, नुसतं धावायचं आहे, तिचं काय? तिच्यासाठी १९८० च्या दशकात आल्ट्रेनोजेस्ट नावाचं औषध आलं. तेलातलं औषध, रोज खाण्यातून द्यायचं, की माज दबतो. गर्भाशयात ३५ मिलिमीटरची काचेची गोटी ठेवायचा प्रकारही काही वर्षं चालला. जेमतेम चाळीस टक्के घोड्यांमध्ये तिचा उपयोग होई, आणि पुढे गोट्या आत फुटल्याचं दिसल्यावर डॉक्टर नको म्हणू लागले. आल्ट्रेनोजेस्टच्या बाटलीवर एक सूचना असते ती वाचून मी थबकलो. हे औषध कातडीतून शरीरात शिरतं, त्यामुळे बायकांनी हातमोज्यांशिवाय ते हाताळू नये, गरोदर बाईनं तर मुळीच नाही. घोडीचं चक्र थांबवणारं औषध ते पाजणाऱ्या बाईचंही चक्र बिघडवू शकतं.

या देवघेवीची दुसरी बाजू आणखी जुनी आहे. १९३० मध्ये गाभण घोडीच्या मूत्रात भरपूर इस्ट्रोजेन असल्याचं समजलं. त्यातूनच १९४१ मध्ये कॅनडात आणि १९४२ मध्ये अमेरिकेत प्रेमारिन हे औषध बाजारात आलं. त्याचं नावही गाभण घोडीच्या मूत्रासाठीच्या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून केलेलं आहे. पाळी जाताना होणाऱ्या त्रासावर ते खरोखर उपयोगी पडलं, लाखो बायकांना आराम मिळाला, हे आधी सांगायला हवं. पण १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं पुस्तक लिहून पाळी जाणं हा आजारच ठरवला आणि बाईची चिडचिड, उदासी सगळं त्याच खात्यात टाकलं. तिचं ऐकायचं काम संपलं, गोळी दिली की झालं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत अशी जोडगोळी वर्षानुवर्षं घेण्याचे धोके दिसले आणि तेवढा भाग थांबवावा लागला. कुणाला, कोणत्या वयात आणि किती काळ द्यायचं, हा विचार खऱ्या अर्थानं त्यानंतर सुरू झाला.

हे सगळं मी उगाच खणत बसलो नाही. घरातल्या मंडळींना माहीत आहे, माझी भाची घोडेस्वारी शिकते. तिच्या वाट्याला एक तांबूस घोडी आली होती. मार्च उजाडला आणि घोडी तंग आवळताना चावायला धावू लागली, कान मागे, वळणावर दुगाणी. क्लबातल्या सगळ्यांचं एकमत झालं, 'माजावर आलीय, घोड्या अशाच.' औषध सुरू करायचं, नाही जमलं तर विकायची. भाची चौदा वर्षांची. तिनं कुणाशी वाद घातला नाही, एक वही केली. रोजची तारीख, घोडी कशी वागली, शेपूट उचलली का, दुसऱ्या घोड्याजवळ गेली का, तंग आवळताना काय केलं. दहा आठवडे लिहिलं. माजाची लक्षणं बरोबर तीन-तीन आठवड्यांनी येत होती. चावणं आणि दुगाण्या मात्र रोजच्या, एका दिवसाचाही खंड नाही.

डॉक्टरांनी वही पाहिली आणि खोगीर काढायला लावलं. पाठीवर बोट दाबलं तशी घोडी कण्हत खाली वाकली. खोगिराचा सांगाडा एका बाजूनं रुतत होता. खोगीर बदललं, सहा आठवडे विश्रांती दिली, आणि दुगाण्या थांबल्या. ऋतू तिला अजूनही येतो. तेव्हा ती जरा लाडात येते, जरा दुर्लक्ष करते, एवढंच.

त्या डॉक्टरांचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलंय. ते म्हणाले, माजाचा त्रास काही घोड्यांना खराच होतो, कुणाच्या बीजांडात गाठ असते आणि ती घोडी चक्क नरासारखी वागते, तिला उपचार हवेतच. पण 'घोडी आहे, माज आहे' एवढ्यावर थांबलं की पोटातला अल्सर, दुखरी पाठ, चुकीचं खोगीर यांतलं काहीच कुणी बघत नाही. आधी तारखा लिहा, मग बोला.

दारियस, थुतमोस, झेनोफॉन, न्यूमार्केटचे शर्यतीवाले.. तीन-साडेतीन हजार वर्षांत तिच्या ऋतूचा उपयोग झाला, बंदोबस्त झाला, व्यापार झाला. तारखांची वही घालायला मात्र एका चौदा वर्षांच्या पोरीला सुचलं. आमच्या घरात आता 'तिचा स्वभावच तसा' असं कुणी म्हटलं, मग ते घोडीबद्दल असो, आत्याबद्दल असो की शेजारच्या काकूंबद्दल, की भाची फक्त विचारते, "कधीपासून?"

बऱ्याचदा तारीख कुणालाच सांगता येत नाही.