अंगणवाडी : एका शब्दाचा प्रवास



अंगणवाडी हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की, तो कोणी तरी एकदा प्रथम योजिला असेल हे आपल्या ध्यानातही येत नाही. दिल्लीच्या सरकारी कागदांतही तो जसाच्या तसा वावरतो. परंतु तो दिल्लीहून आपल्याकडे आलेला नाही. त्या काळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोर्डी गावाहून तो दिल्लीस गेला.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गावात बालवाडी निघाली खरी, पण दलित वस्तीतील व आदिवासी पाड्यांवरील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळेलाच बाहेर काढले. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. या साध्या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

शासनाचे प्रयत्न मात्र निराळ्या वाटेने चालले होते. १९६३ साली उपयोजित आहार कार्यक्रम सुरू झाला. १९७०-७१ मध्ये विशेष पोषण आहार योजना आली. तीत लहान मुलास रोज ३०० व मातेस ५०० उष्मांकांचे अन्न द्यावयाचे होते. हेतू चांगला होता; पण नुसते अन्न पुरत नाही. हगवणीने बेजार झालेल्या पोराच्या अंगी खाल्लेले लागत नाही, आणि गरोदरपणी जिची उपासमार झाली तिचे मूल जन्मतःच मागे पडलेले असते. अन्न, लस, तपासणी आणि शिक्षण एकत्र आणल्यावाचून गत्यंतर नव्हते. ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रास नाव मिळाले अंगणवाडी. ताराबाई १९७३ सालीच निवर्तल्या होत्या. आपला शब्द देशभर झालेला त्यांना पाहावयास मिळाला नाही.

योजना वाढत गेली, पण ती सरकारच्या मर्जीने. जिथे केंद्र उघडले तिथल्या बाळाचे नशीब, उरलेल्यांनी वाट पाहावी! ही स्थिती पालटली ती न्यायालयात. २००१ साली सरकारी कोठारे धान्याने भरलेली आणि दुष्काळी प्रांतांत माणसे उपाशी, असा विपरीत देखावा होता. लोकस्वातंत्र्य संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने सहा वर्षांखालील प्रत्येक मूल, प्रत्येक गरोदर व स्तनदा माता आणि किशोरवयीन मुलगी यांना या आहाराचा अधिकार मान्य झाला. २००४ साली न्यायालयाने सांगितले की, आहारपुरवठा कंत्राटदारांच्या हाती देऊ नये आणि दारिद्र्यरेषेचे कार्ड मागू नये. १३ डिसेंबर २००६ रोजी आणखी एक आदेश झाला : सहा वर्षांखालील चाळीस मुले असलेली वस्ती मागणी करील, तर तिला तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माता व बालके यांच्या आहारास संसदेची मोहोर लाभली. जी कृपा होती तिचा हक्क झाला.

आता आपण समाधानाने घरी जावे काय? नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. याची कारणे अनेक आहेत; त्यांतील दोन आपल्या घरांत आणि मनांत दडलेली आहेत.

पहिले असे की, घरी दिलेला शिधा घराचाच होतो. आमच्या घरांत सर्वांची पाने उठल्यावर सून जेवते. मग मातेसाठी आलेले पाकीट मातेच्या पोटी कितीसे जाणार? म्हणून २०१५ साली महाराष्ट्राने आदिवासी भागात डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना काढली. तीत गरोदर व स्तनदा मातेने अंगणवाडीत बसून एक वेळचे ताजे, चौरस जेवण जेवावयाचे असते. योजनेने चूल बदलली, कारण घरातली पंगत बदलणे तिच्या हाती नव्हते.

दुसरे कारण सेविकेचे. आहार वाटायचा, वजने घ्यायची, नोंदी ठेवायच्या, लसीकरणासाठी घरोघर हिंडायचे, आणि एवढे करून मिळते ते वेतन नव्हे, मानधन. या शब्दात मान आहे, पण नोकरीचे स्थैर्य नाही. ग्रॅच्युइटीचा तिचा अधिकारदेखील सर्वोच्च न्यायालयास २०२२ साली मान्य करावा लागला.

श्रोतेहो, ताराबाईंनी शाळा अंगणापर्यंत नेली, न्यायालयाने हक्क वस्तीपर्यंत नेला. अंगणापासून आईच्या पानापर्यंतचे अंतर चार पावलांचेच आहे; पण ते कोणताही कायदा आपल्यासाठी चालून जाणार नाही. ते आपणच चालावयाचे आहे.